जुनी एमजीबी ट्रॅकवर नेताना: नवशिक्यांसाठी तयारी आणि देखभाल

रस्त्यावर ताशी ९० मैलांवरून ४० वर यायला जोरात ब्रेक दाबायची वेळ वर्षातून एखाददुसऱ्यांदा येते. ट्रॅकवर, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त रस्त्यावर, ती प्रत्येक लॅपमध्ये (फेरीत) तीन-चारदा येते, आणि मधल्या वेळात ब्रेक नीट थंड व्हायला सवडच मिळत नाही. साठ वर्षांपूर्वी रस्त्यासाठी बनवलेल्या गाडीवर हा भार टाकायचा, तर आधी काय दगा देईल हे ओळखून तिथेच काम करून ठेवावं लागतं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो क्रम बहुतेक ठरलेला आहे: ब्रेक ऑइल, रबरी होज, तापमान आणि ऑइल प्रेशर. इंजिनाची ताकद वाढवायचा विचार या चारही गोष्टी जागेवर आल्यानंतर करा. बहुतेक नवशिके उलट्या क्रमाने जातात आणि पहिलाच ट्रॅक डे, म्हणजे शर्यत न लावता स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस, पिट लेनमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या पट्ट्यात) बॉनेट उघडून घालवतात.

सुरुवातीला एमजीबीच का? १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे आजही वॉशरपासून अख्ख्या बॉडीशेलपर्यंत सगळं नवं मिळतं. १७९८ सीसीचं इंजिन साधं आहे आणि पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन माणूस ते घरी शिकू शकतो. गाडीत दमही आहे. १९६५ साली फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत ती अकरावी आली आणि १९६६ साली जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरची ८४ तासांची मॅरेथॉन तिने जिंकली.

गाडी निवडताना: आधी गंज, मग इंजिन

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दरवाजाखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर, अख्ख्या गाडीची ताकद उभी असते. वरून चकचकीत रंग आणि आतून पोकळ गंज असलेल्या गाड्या खूप विकल्या जातात. ओळखायची सोपी रीत अशी: दरवाजा बंद ठेवून त्याच्या मागच्या कडेची फट पाहा, मग त्या बाजूला गाडी जॅकवर उचला आणि फट पुन्हा पाहा. ती आवळली किंवा दरवाजा उघडायला जड जाऊ लागला, तर सिल गेलेली आहे. अशी गाडी ट्रॅकसाठी घेऊ नका, वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगची पुढची टोकं बॉडीला जिथे जोडलेली असतात ती जागाही स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा.

१९६४ च्या शेवटापासून इंजिनात क्रँकला, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याला, तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली. ट्रॅकसाठी पाचवालंच इंजिन घ्या. १९७४ च्या शेवटी काळे रबरी बंपर आले आणि त्यासोबत गाडीची उंची वाढवली गेली. त्या गाड्या वळणावर जास्त कलतात. त्या खाली आणता येतात, पण सुरुवातीला क्रोम बंपरची गाडी मिळाली तर काम कमी. छप्पर असलेली जीटी उघड्या रोडस्टरपेक्षा ताठ असते. रोडस्टर नेणार असाल तर रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळीची कमान, बसवा. सीटवर हेल्मेट घालून बसल्यावर डोकं बारच्या वरच्या कडेच्या खाली राहिलं पाहिजे. अनेक आयोजक हे गेटवरच तपासतात.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याच्या, तपासणीची सक्ती नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याने ही सवलत घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गाडी लिफ्टवर उचलून तिऱ्हाईत माणसाने वर्षातून एकदा खालून पाहिलेली बरी.

ब्रेक: पहिला पैसा इथे

पुढे १०.७५ इंचाची भरीव डिस्क, मागे १० इंचाचा ड्रम. एवढ्या वजनाला हे पुरेसं आहे, मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) लगेच लागत नाहीत. लागतं ते ताजं ऑइल, बरे पॅड आणि नवे होज.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी शोषलेलं १५५ अंशालाच उकळू शकतं. ट्रॅकवर कॅलिपर तेवढा सहज तापतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ट्रॅकच्या आधी ऑइल बदला, आधीचं कितीही स्वच्छ दिसो. सिलिकॉनचं डॉट ५ ट्रॅकसाठी नको, तापल्यावर पेडल मऊ लागतं.

रबरी ब्रेक होज दहा वर्षांहून जुने असतील तर बदला. जुना होज आतून फुगतो. मग दाब जातो पण परत येत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतात. जुन्या ब्रिटिश एमजीबीत ब्रेकचं सर्किट एकच असतं, एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. हे कळलं की होजचा खर्च जड वाटत नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली एअर (हवेचे बुडबुडे) काढायची रीत, उजव्या स्टीअरिंगच्या गाडीसाठी:

१. मागच्या ड्रमचा चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच सैल करा. हे आधी केलं नाही तर मागचे शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) लांब राहतात, पेडल खोल जातं आणि माणूस नसलेली एअर शोधत बसतो.

२. रिझर्व्हॉयरमधलं जुनं ऑइल पिचकारीने ओढून काढा आणि नवं भरा. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, ब्रेक ऑइल रंग खातं.

३. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलने ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचा, खालचा भाग वर्षानुवर्षं वापरलेला नसतो, तिथे गंजाची खर असते. पेडल जमिनीपर्यंत दाबलं की सील त्या खरेवरून जातं आणि फाटतं. एअर काढताना मास्टर सिलिंडर गेला, असं म्हणतात त्याचं कारण बहुधा हेच.

४. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) अर्धा फेरा उघडायचा, ऑइल बाटलीत आलं की निपल बंद, आणि मगच पेडल सोडायचं.

५. प्रत्येक चाकाला फिकट, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत हे करा. रिझर्व्हॉयर अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. एक लिटर ऑइल हाताशी ठेवा, म्हणजे कमी पडत नाही.

६. शेवटी पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलं आहे.

पॅड रस्त्यावरच्या स्वस्त दर्जाचे नकोत. जोरकस रस्ता आणि हलक्या ट्रॅकसाठी बनवलेले घ्या. शुद्ध रेसिंगचे पॅडही नकोत, ते तापल्याशिवाय धरत नाहीत आणि ट्रॅकवर जाता-येताना धोकादायक ठरतात. नवे पॅड बसवल्यावर त्यांना बेड करावं लागतं: ताशी ६० मैलांवरून २० पर्यंत दहा-बारा वेळा मध्यम दाबाने ब्रेक करा, पूर्ण थांबू नका, मग गाडी दहा मिनिटं ब्रेक न दाबता चालवून थंड होऊ द्या. हे केलं नाही तर पहिल्या जोराच्या ब्रेकिंगला पॅडमधल्या राळेचा वायू सुटतो आणि पॅड त्यावर तरंगतात. पेडल तेव्हा कडकच असतं, पण गाडी थांबत नाही. उकळलेल्या ऑइलपेक्षा ही खूण वेगळी आहे, तिथे पेडल मऊ होतं. हा फरक पायाला कळला पाहिजे, कारण उपाय वेगळे आहेत.

अर्धे झिजलेले पॅड ट्रॅकवर नेऊ नका. पॅड पातळ झाला की उष्णता थेट पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते.

चाकं, हब आणि किंगपिन

पुढचं चाक जॅकवर उचला, गाडी स्टँडवर टेकवा, आणि चाक वर व खाली धरून आत-बाहेर हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा (ज्या उभ्या खुंटीवर पुढचं चाक वळतं) किंवा तिच्या खालच्या जोडाचा, ट्रनियनचा. किंगपिनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यायचं असतं. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी ते प्रत्येक इव्हेंटच्या आधी द्यावं, आणि चाक हवेत असताना द्यावं. गाडीचं वजन किंगपिनवर असेल तर ग्रीस दाबाखालच्या बाजूला पोचतच नाही.

पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागात, दोन टेपर बेअरिंगच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर आणि काही पातळ शिम (चकत्या) असतात. घाईत काम करणारे लोक हा स्पेसर काढून टाकतात आणि नट अंदाजाने आवळतात. तसं कधीही करू नका. स्पेसर चाक ज्यावर बसतं त्या स्टब अ‍ॅक्सलला ताठ ठेवतो. तो नसेल तर वळणावर अ‍ॅक्सल वाकत राहतो आणि शेवटी तुटू शकतो. गाडी नवी घेतली असेल तर हब एकदा उघडून स्पेसर आहे याची खात्री करा. नट पूर्ण टॉर्कने आवळल्यावर हबचा एंड फ्लोट (आत-बाहेर सरकण्याची मोकळीक) ०.००२ ते ०.००४ इंच यायला हवा, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. कमी-जास्त असेल तर शिम बदलायचे, नट सैल ठेवायचा नाही.

शॉकअब्सॉर्बर लिव्हर आर्म पद्धतीचे, म्हणजे बाहेर एक हलणारा हात असलेले, असतात. पुढे तर त्याचा हातच वरच्या विशबोनचं (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांडीचं) काम करतो. त्यामुळे तो गळत असेल किंवा त्याच्या शाफ्टला प्ले असेल तर चाकाचा कोनच बदलत राहतो. दुरुस्त केलेले बदलीवर मिळतात. ट्रॅकसाठी लगेच वेगळी टेलिस्कोपिक पद्धत बसवायची गरज नाही.

तारांची चाकं दिसायला सुंदर, पण ट्रॅकसाठी स्टीलची किंवा अलॉयची चाकं घ्यावीत. तारांचीच ठेवायची असतील तर प्रत्येक तार पान्याने हलकी वाजवून पाहा. ताठ तार टणत्कार करते, सैल तार थप्प वाजते. हबच्या खाचा झिजल्या असतील तर पुढे-मागे करताना टक असा आवाज येतो, अशा हबवर ट्रॅकवर जाऊ नका. स्टीलच्या चाकांचे नट ६० ते ६५ फूट-पाउंडला, म्हणजे सुमारे ८१ ते ८८ न्यूटन-मीटरला आवळा, आणि पहिल्या सेशननंतर चाकं थंड झाली की पुन्हा तपासा.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, ट्रॅकवर नको. थंड असताना २६ ते २८ पीएसआय भरून सुरुवात करा, गरम झाल्यावर ते चार-सहाने वाढतं. हवा किती हवी ते टायरच सांगतो. नक्षीच्या कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची एक रेघ ओढा आणि पाच लॅपनंतर पाहा. खडू नक्षीची कड ओलांडून भिंतीवरूनही पुसला गेला असेल तर टायर आडवा पडतोय, हवा वाढवा. कडेच्या खूप आतपर्यंत शिल्लक असेल तर थोडी काढा.

तापमान, पाणी आणि ऑइल

सपाट रस्त्यावर ८५ अंशावर राहणारी गाडी ट्रॅकवर १०० पार करू शकते. रेडिएटर जुना असेल तर त्याच्या नळ्या आतून चुन्याने बुजलेल्या असतात. गाडी गरम करून बंद करा आणि कोअरवरून जपून हात फिरवा, पंख्याजवळ नको. मधेच थंड पट्टे लागले तर तो भाग बंद आहे. रेडिएटरचे दोन मोठे होज, हीटरचे होज आणि सगळ्या क्लिप एकदम नव्या घ्या. होज दाबून पाहा: मऊ, तेलकट किंवा वाकवल्यावर भेगा पडणारा असेल तर गेला. पंख्याचा पट्टा सर्वात लांब बाजूला अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १३ मिलिमीटर आत गेला पाहिजे.

ट्रॅकवर तापमानाचा काटा चढू लागला तर वेग कमी करा आणि हीटर पूर्ण चालू करा. तो दुसरा छोटा रेडिएटरच आहे. काटा १०० च्या वर गेला तर ती लॅप हळू पूर्ण करून पिटमध्ये या. इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं आयडलवर (गाडी उभी, पेडल न दाबता) चालू द्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. या इंजिनाचं हेड तापून तडकतं आणि एकदा तडकलं की गॅसकेट बदलून भागत नाही.

ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल, जस्त जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट आणि कॅमशाफ्ट इथे एकमेकांवर घासतात, आधुनिक पातळ ऑइलमध्ये त्यांना पुरेसं संरक्षण नसतं. फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास लागतं, ऑइल कूलर असेल तर थोडं जास्त. गरम इंजिनाला चालताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलवर १० ते २५ प्रेशर हवं. लांब वळणावर चेंबरमधलं (इंजिनाखालच्या भांड्यातलं) ऑइल एका बाजूला जातं, पंपाचा पाइप हवा ओढतो आणि प्रेशरचा काटा क्षणभर कोसळतो. तो क्षण बिग एंड बेअरिंगला, म्हणजे पिस्टनची दांडी क्रँकला मिळते तिथल्या बेअरिंगला, पुरेसा असतो. म्हणून ऑइल कायम डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर ठेवा, प्रत्येक सेशननंतर बघा, आणि पुढे नियमित जाणार असाल तर बॅफल (ऑइल अडवणारे पत्रे) लावलेलं चेंबर बसवा. वळणावर काटा हलला तर तिथेच अ‍ॅक्सिलरेटर हळुवार सोडा. गिअरबॉक्समध्येही हेच २०डब्ल्यू-५० जातं, डिफरन्शियलमध्ये मात्र ईपी ९०.

टॅपेट, इग्निशन, कार्बुरेटर

टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, थंड इंजिनाला ०.०१५ इंच (०.३८ मिलिमीटर). आठ व्हॉल्व्ह आहेत आणि नऊचा नियम लक्षात ठेवला की काम सोपं: आठव्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करा, सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा, म्हणजे दोघांची बेरीज नेहमी नऊ. फीलर गेज ओढताना किंचित अडकल्यासारखं लागलं पाहिजे.

प्लगचा गॅप ०.०२५ इंच. ठिणगीसाठी जुने पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले संपर्क) वापरत असाल तर ०.०१४ ते ०.०१६ इंच. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आयडलवर बघून सोडू नका. व्हॅक्यूम पाइप काढून, चार हजार आरपीएमला ठिणगी किती आधी पडते, म्हणजे एकूण अ‍ॅडव्हान्स ३२ अंशांच्या आसपास आहे का ते टायमिंग लाइटने पाहा. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या आतल्या स्प्रिंग सैल होतात, मग अ‍ॅडव्हान्स जास्त होतो, इंजिन खडखडतं आणि पिस्टनला भोक पडतं. रोटर आर्म घेताना वरच्या पितळी पट्टीला रिव्हेट नसलेला घ्या. रिव्हेटवाल्या स्वस्त रोटरमध्ये ठिणगी रिव्हेटमधून शाफ्टला जाते आणि गाडी गरम झाल्यावर अचानक बंद पडते. तासाभराने थंड झाली की सुरू होते आणि दोष सापडत नाही.

दोन्ही एसयू बनावटीचे कार्बुरेटर समान हवा ओढतात का ते आधी जुळवा. साधन नसेल तर रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी धरा, दोन्हीकडे फुसफुस सारखी यायला हवी. मग हवा-पेट्रोलचं मिश्रण: कार्बुरेटरच्या खालचा छोटा पिन दाबून त्याच्या आतला पिस्टन एक मिलिमीटरहून कमी उचला. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), लगेच पडला तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. वरचं पितळी झाकण उघडून डॅशपॉटमधलं (पिस्टनच्या वरच्या नळीतलं) ऑइल पाहायला विसरू नका. ते कमी असलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. थ्रॉटलला परत ओढणारी स्प्रिंग दुहेरी ठेवा, एक तुटली तरी थ्रॉटल उघडा राहता कामा नये.

ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१ पासून ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालं. इथेनॉल जुने रबरी पेट्रोल पाइप आणि कार्बुरेटरची सीलं खातं. इथेनॉल सोसणारा आर९ दर्जाचा पाइप बसवा आणि शक्यतो सुपर ग्रेड भरा. भारतात पंपावर आता ई-२० मिळतं, त्यामुळे पुण्या-मुंबईहून चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जुनी गाडी नेणाऱ्यांना हे आणखी निकडीचं आहे. इंजिनाच्या वर पेट्रोल गळणं ही या गाड्यांना आग लागण्याची मोठी वाट आहे. हेड मूळ असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक केलेल्या आहेत का विचारा. नसतील तर शिशाऐवजी वापरायचं अ‍ॅडिटिव्ह प्रत्येक टाकीत घाला, नाहीतर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातात आणि टॅपेट गॅप आपोआप कमी होत जातो.

ट्रॅकचा दिवस

रस्त्याचा विमा ट्रॅकवर बहुधा चालत नाही, आधी विचारून घ्या. आवाजाची मर्यादा प्रत्येक ट्रॅकची वेगळी असते. उभ्या गाडीची तपासणी सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशाच्या कोनात, कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर होते. मूळ सायलेन्सर सहसा पास होतो, स्पोर्ट्सवाला असेल तर आधी मोजून घ्या.

डिक्कीतली स्टेपनी, जॅक, पानं, पायाखालचे मॅट सगळं बाहेर काढा. बॅटरी सीटमागे तळात असते, तिचा पट्टा ताठ आणि टर्मिनल झाकलेलं हवं. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, दुसऱ्याच्या केबलने स्टार्ट करताना हे लक्षात ठेवा. सोबत काय न्यावं: रोटर, कॅप, कंडेन्सर, चार प्लग, पंख्याचा पट्टा, एक वरचा होज आणि क्लिप, दोन लिटर इंजिन ऑइल, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी, टॉर्क रेंच, हवेचं गेज, वायर, टेप आणि फोमचं अग्निशामक. एसयूचा पेट्रोल पंप टिकटिक करायचा थांबला तर त्याच्या अंगावर हलका ठोका मारला की पॉइंट सुटतात आणि दिवस निभावतो. पण घरी गेल्यावर तो बदला.

सकाळच्या ब्रीफिंगमध्ये ओव्हरटेक कुठल्या बाजूने हे सांगतात. ब्रिटनमध्ये ते सहसा फक्त डावीकडून आणि पुढच्याने इशारा केल्यावरच करायचं असतं. झेंडे पाठ करा: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये, निळा म्हणजे मागे वेगवान गाडी, पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड, आत या. वेळ मोजणं ट्रॅक डेला मनाई असतं, मोबाइलवरचं घड्याळसुद्धा.

पहिल्या तीन लॅप इन्स्ट्रक्टरच्या मागून घ्या. सेशन पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नका: एक लॅप गरम व्हायला, पाच-सहा जोरात, शेवटची ब्रेक न वापरता थंड करायला. इंजिनाला स्वतःच ५५०० आरपीएमची मर्यादा घाला. वेग वाढवण्यासाठी उशिरा ब्रेक करायला जाऊ नका. लवकर, सरळ रेषेत आणि ठामपणे ब्रेक करून वळणातून लवकर अ‍ॅक्सिलरेटर दिला तर या गाडीत जास्त मिळतं. वळणाच्या मध्ये अचानक पाय काढला तर मागचा भाग बाहेर येतो. ओव्हरड्राइव्ह (आरपीएम कमी करणारा जादा गिअर) असेल तर उच्च आरपीएमला तो बंद करू नका, तिसऱ्या गिअरमध्ये बंद केल्यावर आरपीएम एकदम २० ते २५ टक्के चढतात आणि इंजिन लाल रेषेपलीकडे जातं.

पाऊस आला तर कोरड्या दिवसाची रेसिंग लाइन सोडा, तिथे टायरचं रबर आणि तेल साचलेलं असतं. जूनच्या पहिल्या सरीत एक्सप्रेसवे जसा निसरडा होतो तसंच ते होतं. बाहेरच्या बाजूने, मोठ्या वर्तुळात जा.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेला ड्रम थंड होताना आकसतो, शू चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. मग दहा मिनिटं बॉनेट उघडं, ऑइल, पाणी, टायरची हवा, चाकांचे नट, आणि गाडीखाली वाकून कुठे थेंब पडतोय का ते पाहा.

घरी परतल्यावर

दुसऱ्या दिवशी, गाडी पूर्ण थंड असताना: ब्रेकची एअर काढा आणि पॅडची जाडी मोजा. दोन-तीन ट्रॅक दिवसांनी इंजिन ऑइल बदला. जुनं ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा, तळाला तांबूस चमक दिसली तर बेअरिंग घासू लागली आहेत. टॅपेट गॅप पुन्हा मोजा. एखाद्या एक्झॉस्टचा सारखा कमी होत असेल तर सीट बसते आहे. वर्षातून एकदा चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. चौघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेडकडे लक्ष द्या, आणि शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्यामधली हेडगॅसकेट उडालेली असते. हेडचे नट ४५ ते ५० फूट-पाउंड, मधून बाहेर जात, तीन टप्प्यांत.

हे सगळं एका वहीत लिहा: तारीख, ट्रॅक, सेशन किती, टायरची थंड व गरम हवा, गरम आयडलवरचं ऑइल प्रेशर, पॅड किती मिलिमीटर. आयडलचं प्रेशर तीन महिन्यांत २५ वरून १५ वर आलं, हे डोळ्यांना कळत नाही, वहीत कळतं.

पुढे शर्यत करायची असेल तर

ट्रॅक डेचे चार-पाच दिवस झाल्यावर आधी स्प्रिंट किंवा हिलक्लाइंबकडे जा. तिथे एका वेळी एक गाडी घड्याळाविरुद्ध धावते, दुसऱ्याला धडकायचा धोका नाही, आणि गाडी दिवसात काही मिनिटंच पळते. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्शच्या टेकडीवर १९०५ पासून हे चालू आहे, चढ फक्त १००० यार्डांचा. एमजी कार क्लब १९३० पासून आहे, त्यांच्याकडे एमजीबीच्या शर्यती आणि अनुभवी लोक दोन्ही मिळतात.

सर्किटवरच्या शर्यतीसाठी मोटरस्पोर्ट यूके या ब्रिटनमधल्या मोटर शर्यतींच्या नियामक संस्थेचं लायसन्स लागतं. त्यासाठी एआरडीएसची (रेसिंग शिकवणाऱ्या शाळांच्या संघटनेची) परीक्षा: झेंडे आणि नियमांवर लेखी, आणि इन्स्ट्रक्टरसोबत प्रत्यक्ष ड्रायव्हिंग. गाडीला पूर्ण केज (नळ्यांचा पिंजरा), पाइपने जोडलेली अग्निशमन यंत्रणा, बाहेरून बंद करता येणारा मेन स्विच आणि मान सांभाळणारं उपकरण लागतं. केज नसलेल्या गाडीत रेसिंग हार्नेस (खांद्यांवरून आवळणारे पट्टे) बसवू नका, गाडी उलटली तर मूळ पट्ट्यात शरीर बाजूला झुकतं, हार्नेसमध्ये ते सरळ उभं अडकून राहतं. नव्या ड्रायव्हरला गाडीच्या मागे पिवळ्या चौकोनावर काळी फुली लावावी लागते. ती दिसली की मागून येणारे अनुभवी ड्रायव्हर जास्त जागा देतात, म्हणून ती नंबर प्लेटच्या शेजारी, मातीने झाकली जाणार नाही अशा जागी चिकटवा.